हात न टेकता उठता येतं का? साठीपुढच्या बायकांसाठी पायांच्या ताकदीचा आणि तोलाचा सराव

अंबाझरीच्या बागेत रोज सकाळी चार चकरा मारणाऱ्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. वय ६८, साखर आटोक्यात, वजन बेताचं. तक्रार एकच. "रोज फिरून राहिली ना मी, मग पाय काऊन लटपटून राहिले?" मी त्यांना साध्या लाकडी खुर्चीत बसवलं, दोन्ही हात छातीशी दुमडायला लावले आणि म्हटलं, आता उठा. त्या पुढे झुकल्या, कंबर चार बोटं उचलली गेली आणि धपकन परत बसल्या. दुसऱ्यांदा मांड्यांवर हात रोवून उठल्या आणि म्हणाल्या, "अशीच तर उठते मी."

नागपुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिल्या भेटीत मी नाडीच्या आधी उठणं बघते. फिरणं चालू असतं, पण उठण्याचं काम केव्हाच हातांनी उचललेलं असतं, आणि ते त्या बाईला कळलेलं नसतं. फिरण्याला मी नावं ठेवत नाही. हृदय, साखर, झोप, मन, सगळ्यांना ते हवंच. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला आपल्या ताकदीचा थोडाच वाटा खर्चावा लागतो. स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा जड काम पडलं तरच. पायरी चढणं, खुर्चीतून उठणं, वजन घेऊन उभं राहणं ही ती जड कामं.

वयाबरोबर स्नायू झिजतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो कसा झिजतो हे मात्र फार जणींना कुणी सांगितलेलं नसतं. स्नायूंत सावकाश काम करणारे तंतू असतात आणि झटक्यात काम करणारे असतात. म्हातारपणी आधी आणि जास्त झिजतात ते झटक्याचे. ठेच लागली की पाय पटकन पुढे टाकून शरीर सावरायचं काम नेमकं त्यांचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक उतरतं, हाडं विरळ होऊ लागतात, स्नायूंचाही आधार कमी होतो. म्हणून बायकांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र येतात: पडण्याची शक्यता वाढते आणि पडल्यावर मनगट, मणका किंवा खुब्याचं हाड मोडण्याचीही.

पण झिजलेला स्नायू परत येतो. १९९० साली बॉस्टनमध्ये सरासरी ९० वर्षं वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांच्या छोट्या गटाला आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला होता. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने त्याच दशकात घरच्या घरी करायचा कार्यक्रम बसवला, पायाला वजनाच्या पट्ट्या आणि तोलाचा सराव, आठवड्यातून तीनदा अर्धा तास. त्याची पहिली चाचणी ८० वर्षांपुढच्या बायकांवरच झाली. पुढच्या चाचण्या धरून पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. "आता या वयात काय होणार" हे वाक्य मी म्हणूनच मान्य करत नाही.

आधी मोजा

तीन मोजण्या आहेत. शेजारी कुणीतरी उभं असावं, मोबाइलवर सेकंद मोजावेत, आणि आकडे कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावेत.

पहिली मोजणी उठण्याची. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ ला ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ ला १० पेक्षा कमी, ८० ते ८४ ला ९ पेक्षा कमी जमलं तर ताकद वयाच्या मानाने उणी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे. हातांशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला संकोच करू नका. तो आकडा सगळ्यांत लवकर बदलतो.

दुसरी मोजणी तोलाची. ओट्याजवळ उभ्या राहा. आधी दोन्ही पाय जुळवून १० सेकंद. मग एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला, मधोमध लावून १० सेकंद. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, दोरीवर उभं राहिल्यासारखं, १० सेकंद. शेवटी एका पायावर. तिसरी अवस्था १० सेकंद टिकत नसेल तर तोलाचा सराव तुमच्यासाठी ऐच्छिक राहिलेला नाही.

तिसरी चालीची. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर खडूची रेघ मारा. उठा, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. मी यात वळणाकडे बारीक लक्ष देते. खूप जणी सरळ चालतात झकास आणि वळताना पाच-सहा छोटी पावलं टाकतात. पडणंही बहुधा तिथेच होतं, ओट्यापासून फ्रिजकडे वळताना.

कुणी आधी डॉक्टरांकडे जावं

छातीत दुखणं, थोड्या श्रमाने धाप लागणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन, अर्धांगवायू होऊन गेलेला असणं, वर्षात दोनदा पडणं किंवा एकदाही चक्कर येऊन पडणं, यातलं काही असेल तर आधी तपासणी. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर औषधांकडे बघावं लागतं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्या याला कारण असू शकतात. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही.

आणखी एक तपासणी मी आवर्जून सुचवते, ब १२ जीवनसत्त्वाची. तळपायाला झिणझिण्या येतात, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, अंधारात तोल जातो, असं सांगणाऱ्या शाकाहारी बायका आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायका यांच्यात ही कमतरता वारंवार सापडते. तिथे नुसत्या व्यायामाने काम भागत नाही. ड जीवनसत्त्वही सोबत बघून घ्यावं. नागपुरात ऊन कितीही असलं तरी आपण त्यापासून लपूनच राहतो.

मुख्य व्यायाम: खुर्चीतून उठणं

एकच व्यायाम करायचा असेल तर हाच करा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, पाय उघडे किंवा मागे पट्टा असलेली चप्पल. मोकळी स्लिपर नको. साडी नेसून करत असाल तर निऱ्या घोट्याच्या वर खोचा.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर सरका. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. बहुतेक जणींचं इथेच चुकतं: पावलं पुढे पसरलेली असतात आणि मग उठायला झोका घ्यावा लागतो. दोन पावलांत वीतभर अंतर. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका, इतकं की नाक बोटांच्या वर येईल. आता टाचा जमिनीत दाबून उठा. उठताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. गुडघे आत एकमेकांकडे येऊ देऊ नका, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू देत. पूर्ण सरळ उभ्या राहा, कुल्हे आवळा. मग बसा, आणि बसायला मनात तीन आकडे मोजा. धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम फुकट घालवणं, कारण खाली येताना स्नायू ताणत काम करतो आणि त्यातून भरपूर ताकद येते. ज्यांचा मणका विरळ झालेला आहे त्यांनी तर धपकन बसूच नये.

शून्य लिहिलं होतं त्यांनी खुर्चीवर घट्ट घडी केलेली सतरंजी किंवा कडक उशी ठेवून बैठक उंच करा. तेवढ्या उंचीवरून हात न लावता पाच वेळा जमतं का पाहा. नाही जमलं तर आणखी उंच, नाहीतर पलंगाच्या कडेवरून. जमलं की आठ-दहा दिवसांनी एक घडी कमी. माझ्या अनुभवात उशीपासून साध्या खुर्चीपर्यंतचा प्रवास बहुतेक जणी चार ते सहा आठवड्यांत करतात.

किती करायचं? आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटं बसून दम घ्यायचा, असे दोन फेरे, पुढे तीन. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे: शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळा झाल्यावर "अजून वीस सहज होतील" असं वाटत असेल तर तुम्ही व्यायाम करत नाही आहात, उठबस करता आहात. मग छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून उठा, पुढे तीन किलो. आणि वजन न घेता एक फेरा असाही करा की उठायचं झटकन, बसायचं सावकाश. ते झटक्याचे तंतू याच फेऱ्यात जागे होतात.

गुडघे दुखणाऱ्या बायका इथे थांबतात. "गुडघ्यातलं ग्रीस संपलं, आता वापरायचे नाहीत असं सांगितलं," हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. गुडघा झिजला असेल तर मांडीचा स्नायू मजबूत करणं हा त्यावरचा पहिल्या फळीचा उपचार आहे, कारण सांध्यावर येणारा भार तोच झेलतो. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालेल, पण ते दुसऱ्या दिवशीपर्यंत निवलं पाहिजे. सूज आली, रात्री ठणका लागला, तर बैठक उंच करा आणि वेळा कमी करा. व्यायाम सोडू नका.

ओट्याला धरून

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहून पुढचं सगळं होतं.

टाचा उचलणं. ओट्यावर बोटं टेकवून दोन्ही टाचा जितक्या वर जातील तितक्या उचला, एक सेकंद थांबा, सावकाश खाली. दहा ते पंधरा वेळा. पोटरी पाऊल पुढे ढकलते आणि उभं असताना शरीर पुढे झुकलं की मागे ओढते. सोपं वाटू लागलं की एका पायावर. त्याच्या उलट, टाचा टेकवून पायाची बोटं वर उचलणं, हेही तितक्याच वेळा करा. नडगीपुढचा स्नायू अशक्त झाला की पाऊल घासत जातं आणि उंबऱ्याला, सतरंजीच्या काठाला ठेच लागते.

पाय बाजूला नेणं. सरळ उभ्या राहून एक पाय बाजूला दीड-दोन वीत न्या, बोटं समोरच, अंग दुसऱ्या बाजूला कलू देऊ नका. आठ ते बारा वेळा, मग दुसरा पाय. कुल्ह्याच्या बाजूचा हा स्नायू एका पायावर उभं राहताना कंबर सपाट ठेवतो, आणि चालताना आपण दर पावलाला क्षणभर एका पायावरच असतो. डुलत चालणाऱ्या आज्या बघितल्या आहेत ना? ती डुलकी बरेचदा याच स्नायूची असते.

मग गुडघ्यातून पाय मागे वाकवून टाच वर आणणं. आणि खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करणं, तीन आकडे रोखणं, सावकाश खाली. या तिन्हींना पुढे घोट्यावर वजन बांधा, अर्ध्या किलोपासून सुरुवात. वजनाच्या पट्ट्या नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. नाहीतर जुन्या लांब मोज्यात अर्धा किलो रेती भरून, तोंड शिवून, ओढणीने घोट्यावर बांधा. माझ्या कित्येक पेशंटांचं वजन असंच घरी शिवलेलं आहे.

पायरी हा शेवटचा. घराच्या दाराची एकच पायरी, कठडा किंवा भिंत हाताशी. एक पाय वर ठेवून त्याच पायाच्या जोराने अंग वर घ्या, मागच्या पायाने जमीन ढकलू नका. उतरताना सावकाश. पाच-पाच वेळा पुरे. दूरचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा घालून पायरी करू नका. खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघत बसलेल्या असाल तर तीही बघू नका.

तोल वेगळा शिकावा लागतो

ताकद आली की तोल आपोआप येतो असं मलाही शिकत असताना वाटायचं. तसं होत नाही. तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर चालतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-घोटे. वयाबरोबर खालच्या दोन बातम्या मंद होतात आणि सगळा भार डोळ्यांवर येतो. म्हणून मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी जाते. त्या क्षणी एक हात भिंतीला लावायची सवय आजपासून लावून घ्या, नाहीतर स्टुलावर बसून अंघोळ करा.

सरावाची जागा खोलीचा कोपरा. पाठीमागे दोन भिंती, समोर खुर्चीची पाठ. तोल गेला तर कुठे जाणार ते ठरलेलं असतं, म्हणून भीती न वाटता सराव करता येतो. वर सांगितलेल्या चार अवस्थांपैकी जी जेमतेम दहा सेकंद टिकते ती तुमची अवस्था. ती रोज चार-पाच वेळा करा. तीस सेकंद टिकू लागली की पुढची. त्याआधी एक पायरी आहे: दोन्ही हातांवरून एका हातावर, मग दोन बोटांवर, मग हात खुर्चीच्या चार बोटं वर अधांतरी. डगमगणं चांगलं आहे. घोटे थरथरतात ते सावरायला शिकत असतात म्हणून. अजिबात डगमगत नसाल तर अवस्था सोपी पडते आहे.

उभं राहणं जमलं की चालणं. ओट्याच्या कडेने टाचेला बोटं लावत दहा पावलं. ओट्याकडे तोंड करून खेकड्यासारखं आडवं चालणं. ओट्याला हात लावून उलटं चालणं. दोन तांबे अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत चालणं, हे वळण्यासाठी उत्तम. शेवटी चालताना मान उजवी-डावीकडे वळवणं, कारण रस्त्यावर कुणी हाक मारली की आपण तेच करतो.

जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे नागपुरात योगासनं घराघरांत पोचलेली आहेत, त्यामुळे "मी वृक्षासन करते, चालेल का?" असं विचारणाऱ्या खूप भेटतात. चालेल, भिंतीजवळ. ताडासन, उत्कटासनही छान. मात्र हाडं विरळ असल्याचं निदान झालेलं असेल तर पाठ गोल करून पुढे वाकण्याची आसनं, पश्चिमोत्तानासनासारखी, टाळा. त्यात मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि मणका चेपू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांपुढच्यांसाठी हेच सांगितलं: आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा सराव, चालण्याच्या जोडीला. आधीच्या वर्षी १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं दिसलं, आणि तोल व ताकद जोडीने केल्यास त्याहून जास्त. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांबद्दल असं खात्रीने म्हणता आलं नाही.

"आई, तू बस"

माझी आई ७१ व्या वर्षी मे महिन्यात पडली. कुलरमध्ये पाणी भरताना पाइप निसटला, फरशीवर पाणी सांडलं, आणि ती पुसायला वाकली तशी घसरली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत आम्ही सगळ्यांनी तिला खूप जपलं. पाण्याचा ग्लास हातात, ताट हातात, पूजेची फुलंही कुणीतरी तोडून आणून दिलेली. प्लास्टर निघालं तेव्हा हात बरा होता आणि पाय गेलेले होते. पाय तर मोडले नव्हते. ते आम्ही मायेने बसवून ठेवले होते, आणि हा माझा व्यवसाय असून मला ते वेळेत दिसलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून सुनांना, मुलींना, मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आईला उठू द्या. चहा टेबलावर ठेवा, हातात देऊ नका. ती उठताना बगलेत हात घालून ओढू नका, शेजारी उभे राहा आणि वाट बघा. मालिकेच्या दर जाहिरातीला पाच वेळा खुर्चीतून उठायचं, एवढा एक नियम केला तरी रात्री झोपेपर्यंत तीस-चाळीस वेळा उठणं होतं. आणि एकदा पडलेली बाई पुन्हा पडायच्या धास्तीने जपून, पाय घासत, कमी चालू लागते. त्याने पाय आणखी अशक्त होतात. ही धास्ती समजुतीने जात नाही, कोपऱ्यातल्या त्या खुर्चीमागे रोज उभं राहूनच जाते.

कुलरचा विषय निघालाच आहे तर घरातल्या जागा एकदा बघून घ्या. कुलर दिवसा, कुणी तरुण माणूस घरी असताना भरावा. वायर चालायच्या वाटेवरून जाऊ नये. खाली ठिबकणाऱ्या पाण्यासाठी ट्रे ठेवा, पोतं नको, त्यात पाय अडकतो. मोरीत आणि संडासात भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे हवेत. टॉवेलचा दांडा धरायचा नाही, तो भार पडला की स्क्रूसकट निघून येतो. पावसाळ्यात अंगणात शेवाळ, पहाटे सडा टाकल्यावर ओली फरशी, दोन्ही ठिकाणी थांबून पाऊल. रात्री लघवीला उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, घोटे दहा-वीस वेळा वरखाली करा, दिवा लावा, मग उभ्या राहा.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की बाहेर फिरणं सकाळी साडेपाच-सहालाच संपवा. ताकदीचा व्यायाम घरात, पंख्याखाली. पाणी कमी पडलं की रक्तदाब उतरतो आणि उठताना गरगरतं, विशेषतः लघवीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना. मठ्ठा, पन्हं, पाणी घोटाघोटाने चालू ठेवा. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण.

पानात काय हवं

स्नायूला विटा लागतात आणि त्या प्रथिनांच्या. म्हातारपणी रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. बहुतेक शाकाहारी आज्यांचं मी लिहून काढते तेव्हा तीस-पस्तीसच्या आसपास निघतं. वरण पातळ, रात्री नुसता दूधभात किंवा खिचडी, मध्ये चहा-बिस्किट. दात नाहीत म्हणून डाळीही सुटलेल्या.

आपल्याच स्वयंपाकात सगळं आहे. सकाळी पेलाभर दूध, ६ ग्रॅम. नाश्त्याला पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी, १२. जेवणात दोन पोळ्या, घट्ट वरणाची वाटी, दह्याची वाटी, मिळून १८ च्या आसपास. चारला मूठभर फुटाणे, दात नसतील तर मिक्सरमधून काढून ताकात, ६. रात्री पन्नास ग्रॅम बेसनाचा झुणका आणि एक भाकर, १५. झाले ५७. मुंगवड्यांची भाजी, गोळाभात, सोयाबीनच्या वड्या, अंडं चालत असेल तर अंडं, हे सगळं आलटून पालटून. एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळांना वाटून घेतलेलं बरं. चातुर्मासात, एकादशीला साबुदाणा खाऊन दिवस काढू नका, त्यात प्रथिनं नावालाही नसतात. भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही घ्या. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

जमिनीवरून उठणं

हे मी शेवटी शिकवते, पण शिकवल्याशिवाय सोडत नाही. पडून हाड न मोडलेल्या कितीतरी बायका केवळ उठता येत नाही म्हणून तासन्‌तास फरशीवर पडून राहतात. शेजारी कुणीतरी असताना, सतरंजीवर, पलंगाजवळ सराव करा.

आधी कुशीवर वळा. वरचा हात छातीसमोर जमिनीवर टेकवा, खालच्या कोपरावर जोर देऊन बसत्या व्हा. तिथून दोन्ही हात-गुडघ्यांवर, लहान मूल रांगतं तशा. गुडघ्यांखाली उशी चालेल. रांगत पलंगापर्यंत किंवा जड खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा. जो पाय मजबूत त्याचं पाऊल पुढे जमिनीवर टेकवा. पुढे झुका, हात आणि तो पाय दोन्हींनी ढकलून कंबर वर घ्या, आणि वळून पलंगावर बसा. लगेच उभ्या राहू नका. गुडघ्याची वाटी बदललेल्या बायकांनी गुडघ्यावर यायचं की नाही ते आपल्या सर्जनला विचारून ठरवावं. त्यांना बसल्या-बसल्या मागे सरकत पायरीपर्यंत जाऊन एकेक पायरी वर चढण्याची दुसरी पद्धत शिकवता येते.

खरंच पडलात तर आधी मिनिटभर तशाच पडून राहा आणि कुठे दुखतं ते बघा. जांघेत तीव्र कळ, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर उठू नका, कुणाला उठवू देऊ नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मोबाइल गळ्यात किंवा कमरेला असू द्या, चार्जिंगला नव्हे.

बारा आठवड्यांनी त्या तीन मोजण्या पुन्हा करा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक वाटतो तो मेंदू-नसांच्या जुळणीचा, स्नायू भरायला आठ-दहा आठवडे लागतात. आकडा हललाच नसेल तर बहुधा वजन कमी पडतंय किंवा पान कमी पडतंय. आकडा वाढला तरी थांबायचं नाही. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानेही ताकद उतरू लागते.

माझ्या आईला सात महिने लागले. तिचं उद्दिष्ट तिने स्वतःच ठरवलं होतं: महालक्ष्म्यांच्या पूजेला स्टूल नाही, पाट. गेल्या भाद्रपदात ती पाटावर बसली. आरती झाल्यावर वहिनीने उठवायला हात पुढे केला. आईने त्या हातात तबक दिलं, दिवाणाच्या कडेला तळवे टेकवले, उजवं पाऊल पुढे घेतलं आणि उठली.